फ्लोराइड १.४ की १.६? किट, कलरीमीटर आणि इलेक्ट्रोडची पारख

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात बोअरचं पाणी तपासायचं म्हटलं की पहिला प्रश्न फ्लोराइडचा येतो. आयएस १०५०० या भारतीय मानकात (२०१२ ची आवृत्ती) फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ च आहे. म्हणजे हापसा सुरू ठेवायचा की त्यावर लाल रंग मारायचा, हे सगळं अर्ध्या मिलिग्रॅमच्या पट्टीत ठरतं. त्यामुळे या कामासाठी घेतलेलं साधन या अर्ध्या मिलिग्रॅममध्ये किती खरं बोलतं, यावरच त्याची किंमत करायला हवी. पेटी किती सुबक आहे किंवा स्क्रीन किती मोठी आहे, याला महत्त्व नाही.

बाजारात तीन तऱ्हेची साधनं मिळतात. थेंब टाकून रंग जुळवायचं फील्ड टेस्ट किट, एसपीएडीएनएस रसायनावर चालणारा छोटा कलरीमीटर आणि लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा आयन-निवडक इलेक्ट्रोड. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. गावपातळीवर चाळणी लावायला किट पुरेसं आहे. कलरीमीटर कच्च्या पाण्याला ठीक आहे, पण फ्लोराइड काढण्याच्या संयंत्रातून आलेल्या पाण्यावर त्याचा भरवसा धरू नये. निकाल द्यायचा असेल तर इलेक्ट्रोडच, आणि तोही बरोबरचं बफर (नमुन्यात मिसळायचं, पीएच ठरावीक ठेवणारं द्रावण) नीट बनवणार असाल तरच. इलेक्ट्रोडला पाच आकडी रक्कम मोजायची आणि बफरच्या रसायनात काटकसर करायची, ही खरेदीतली सर्रास दिसणारी चूक आहे. तिची फळं पुढे सविस्तर येतीलच.

फील्ड टेस्ट किट

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती जी पेटी दिली जाते, तिच्यातली फ्लोराइडची कुपी याच प्रकारात मोडते. झिर्कोनियम आणि एखादा रंगद्रव्य यांची गुलाबी-लाल जोडी द्रावणात असते. फ्लोराइड झिर्कोनियमला ओढून घेतं, रंगद्रव्य सुटं होतं आणि रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो. हा रंग छापील पट्टीशी जुळवायचा.

०.५ आणि ३ यांतला फरक कोणालाही ओळखता येतो. अडचण येते ती १.० आणि १.५ च्या मध्ये. तिथे दोन्ही चौकोन नारिंगीचेच असतात, आणि दोन माणसं त्याच नळीकडे बघून दोन वेगळे आकडे सांगतात. किटमधून १.२ असा आकडा कोणी लिहून आणला तर तो मोजलेला नसून अंदाजलेला आहे, हे ओळखावं. पट्टीवर नाही तो आकडा नोंदवहीत येता कामा नये. ‘१.० ते १.५ च्या दरम्यान, प्रयोगशाळेत पाठवावं’ अशी नोंद जास्त प्रामाणिक आणि जास्त उपयोगाची.

वापरताना तीन गोष्टी सांभाळल्या तर किटकडून बरंच काम निघतं. रंग उघड्या सावलीत, पाठीमागे पांढरा कागद धरून बघायचा. थेट उन्हात तो फिका दिसतो आणि पिवळसर बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं, म्हणजे फ्लोराइड उगाच जास्त लागतं. दुसरं, नमुना टीसीएल पावडर (जंतू मारायची क्लोरिनची पूड) टाकण्याआधी घ्यायचा. पाण्यात क्लोरिन शिल्लक असेल तर तो रंगद्रव्यालाच ब्लीच करतो आणि चांगलं पाणी दोषी ठरतं. तिसरं म्हणजे, मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात राहिलेल्या कुप्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मुदत संपली नसली तरी १.० मिलिग्रॅमच्या माहीत असलेल्या द्रावणावर एकदा पारखून घ्यायचं. नवी पेटी घेताना पुरवठादाराकडे अशी पारखणीची छोटी बाटली मागून घ्यावी. जो ती देत नाही, त्याच्याकडून पेटी घेऊ नये.

एसपीएडीएनएस कलरीमीटर

हा मुठीत मावणारा असतो. रसायनाचं तत्त्व किटसारखंच आहे, फक्त रंग डोळ्याऐवजी यंत्र मोजतं. लाल रंग जितका उतरेल तितकं फ्लोराइड जास्त. नेहमीच्या पद्धतीत १० मिलिलिटर नमुन्यात बरोबर २ मिलिलिटर अभिकर्मक (म्हणजे एसपीएडीएनएसचं लाल द्रावण) घालायचा, मिनिटभर थांबायचं आणि आकडा वाचायचा. शून्य लावायला डिस्टिल्ड वॉटरच्या १० मिलिलिटरमध्येही तेवढाच अभिकर्मक घालायचा.

‘बरोबर २’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. इतर बऱ्याच चाचण्यांमध्ये अभिकर्मक स्वतः बेरंग असतो, त्यामुळे थोडा इकडेतिकडे झाला तरी भागतं. इथे रंगच अभिकर्मकाचा आहे. ड्रॉपरने अदमासे टाकला तर पाण्याचं फ्लोराइड मोजलं न जाता हाताची अचूकता मोजली जाते. पिपेट वापरावी आणि शून्यासाठी व नमुन्यासाठी तीच वापरावी. दोन्ही नळ्यांचं तापमानही एका अंशाच्या आत असावं. फ्रिजमधला नमुना काढून लगेच तपासला तर आकडा हलतो. वरची मर्यादा २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्याच्या पुढे रंग उतरायला जागाच राहत नाही, म्हणून जास्तीचं फ्लोराइड असलेलं पाणी आधी डिस्टिल्ड वॉटरने पाचपट पातळ करून घ्यावं आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावं.

क्लोरिन मारण्यासाठी जुन्या पद्धतीच्या अभिकर्मकात सोडियम आर्सेनाइट असतं, म्हणजे चक्क आर्सेनिक. वापरून झालेलं द्रावण मोरीत किंवा बांधावर ओतायचं नाही, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणून द्यायचं. आर्सेनिकविरहित अभिकर्मकही मिळतो. शाळा-महाविद्यालयांनी तोच मागवावा.

आता मुख्य दोष, आणि तो या यंत्राचा नाही, त्यातल्या रसायनाचा आहे. ॲल्युमिनियम. पाण्यात ॲल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला घट्ट धरून ठेवतं, झिर्कोनियमकडे जाऊ देत नाही, आणि आकडा कमी येतो. लिटरला ०.१ मिलिग्रॅम एवढंसं ॲल्युमिनियमही १.० च्या फ्लोराइडला ०.१ ने खाली ओढू शकतं. पिण्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमची सवलतीची मर्यादा ०.२ आहे, म्हणजे मानकाने चालणाऱ्या पाण्यातही ही चूक घडते.

कच्च्या बोअरच्या पाण्यात ॲल्युमिनियम सहसा नगण्य असतं, त्यामुळे तिथे हा दोष फारसा जाणवत नाही. पण फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत, जी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, ती चालते तुरटी आणि चुन्यावर. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचंच क्षार. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाच्या टाक्यांमध्येही भरण ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचंच. तुरटीचं माप चुकलं, गाळ नीट बसला नाही किंवा पीएच बिघडला की ॲल्युमिनियम पाण्याबरोबर बाहेर येतं. ज्या दिवशी संयंत्र नीट चालत नाही, नेमक्या त्याच दिवशी एसपीएडीएनएस ‘सगळं ठीक आहे’ असं सांगण्याची शक्यता वाढते. मुलांच्या दातांवर डाग पडेपर्यंत मग कोणाला पत्ता लागत नाही.

कलरीमीटर आधीच घेतला असेल तर एक उपाय आहे. अभिकर्मक घातल्यावर एक मिनिटाने आकडा टिपा, आणि तीच नळी झाकून पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचा. आकडा लक्षात येण्याइतका चढला तर ॲल्युमिनियम आहे असं समजा. दोन तास थांबून वाचलं तर साधारण ३ मिलिग्रॅमपर्यंतच्या ॲल्युमिनियमचा अडथळा दूर होतो. एवढा वेळ नसेल तर तो नमुना इलेक्ट्रोडवर न्या. सल्फेटचंही ध्यानात ठेवावं. २०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असलेल्या पाण्यात या रसायनाचा आकडा बिघडू लागतो, आणि खाऱ्या पट्ट्यातल्या विहिरींना तेवढं सल्फेट सहज असतं.

इलेक्ट्रोड

१९६६ मध्ये ओरियन रिसर्चच्या मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडचा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. आजचे इलेक्ट्रोडही मुळात तसेच आहेत. दांडीच्या टोकाला नखाहून लहान, काचेसारखा दिसणारा एक स्फटिक बसवलेला असतो. त्यात थोडं युरोपियम मिसळलेलं असतं, त्यामुळे स्फटिकाच्या जाळीत रिकाम्या जागा तयार होतात आणि फ्लोराइडचे आयन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकू शकतात. दुसरा कोणताही साधा आयन त्या जागांत बसत नाही. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, बायकार्बोनेट कितीही असोत, इलेक्ट्रोड त्यांना दाद देत नाही. आडवा येतो तो फक्त हायड्रॉक्साइड, कारण त्याचा आकार आणि भार फ्लोराइडसारखाच आहे. आयन-निवडक इलेक्ट्रोडच्या सगळ्या कुटुंबात इतका चोखंदळ दुसरा नाही.

मीटरवर मिलिव्होल्ट दिसतात. फ्लोराइड दहापट झालं की २५ अंशाला आकडा सुमारे ५९ मिलिव्होल्टने खाली जातो. यालाच स्लोप म्हणतात. या हिशेबाने १.० आणि १.५ यांच्यात साधारण १०.४ मिलिव्होल्टचं अंतर पडतं. मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचणारा असेल तर एवढ्या अंतरात भरपूर पायऱ्या मिळतात, जिथे किटच्या पट्टीवर एकही नव्हती. एक मिलिव्होल्ट चुकला तर एकाग्रतेत सुमारे ४ टक्क्यांची चूक येते, म्हणजे १.५० चं १.४४ किंवा १.५६ होतं. त्यामुळे मर्यादेच्या अगदी काठावरच्या नमुन्याला एकदा मोजून निकाल देऊ नये. दोनदा, आणि मध्ये स्टँडर्ड (फ्लोराइड किती हे माहीत असलेलं द्रावण) तपासून द्यावा.

वेगळा महागडा आयन मीटर लागतोच असं नाही. ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा, बीएनसी जोडणीचा चांगला पीएच मीटर चालतो, स्टँडर्डच्या मिलिव्होल्टचा आलेख कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये काढायचा आणि नमुन्याचं फ्लोराइड त्यावरून वाचायचं. त्या पैशातून इलेक्ट्रोड चांगला घ्या. घेताना संयुक्त इलेक्ट्रोड घ्या, ज्यात तुलनेसाठी लागणारा स्थिर व्होल्टेजचा संदर्भ इलेक्ट्रोड त्याच दांडीत असतो. प्रयोगशाळेसाठी भरण-द्रावण (दांडीच्या आत भरलेलं द्रावण) बदलता येणारा, आणि गाडीतून गावोगाव नेण्यासाठी जेल भरलेला. जेलवाला सांभाळायला सोपा, पण त्याचा संदर्भ भाग थकला की पूर्ण इलेक्ट्रोड टाकून द्यावा लागतो. विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: भरण-द्रावणाची बाटली सुटी मिळते का आणि किती दिवसांत येते? तिच्यावाचून इलेक्ट्रोड कपाटात पडून राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत.

खरी खरेदी टिसॅबची

इलेक्ट्रोड फक्त सुटं फ्लोराइड ओळखतो, तेही त्याच्या सक्रियतेनुसार, म्हणजे पाण्यातल्या इतर क्षारांमुळे कमी होणाऱ्या त्याच्या प्रभावी प्रमाणानुसार. ॲल्युमिनियम किंवा लोहाने धरून ठेवलेलं फ्लोराइड त्याला दिसत नाही. पाणी आम्लधर्मी झालं, पीएच ५ च्या खाली गेला, की फ्लोराइडचं हायड्रोफ्लोरिक आम्ल व्हायला लागतं आणि तेही दिसेनासं होतं. पीएच ८ च्या वर, आणि फ्लोराइड अगदी कमी असेल, तर हायड्रॉक्साइड घुसतं. शिवाय बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवलेल्या स्टँडर्डमध्ये ते नसतात. एवढ्या एका फरकाने आकडा दहा-बारा टक्क्यांनी कमी येऊ शकतो. १.६ चं पाणी १.४ म्हणून पास होतं ते असं.

या सगळ्यावर एकच औषध आहे, टिसॅब नावाचं बफर. ते पीएच ५.३ ते ५.५ वर आणतं, मिठामुळे नमुन्याची आणि स्टँडर्डची आयनिक ताकद सारखी करतं, आणि त्यातलं सीडीटीए हे रसायन ॲल्युमिनियम-लोहाला पकडून फ्लोराइड मोकळं करतं. बनवायची रीत अशी. ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ४ ग्रॅम सीडीटीए टाका. बीकर गार पाण्यात ठेवून ढवळत ढवळत ६ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू सोडा. सुमारे १२५ मिलिलिटर लागतं. पीएच मीटर ५.३ ते ५.५ दाखवू लागला की थांबा, गार होऊ द्या आणि एक लिटर करा. सोडियम हायड्रॉक्साइड घाईने ओतलं तर द्रावण उकळी आल्यासारखं तापतं आणि तापलेल्यात घेतलेला पीएचही खोटा निघतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. सीडीटीए सुरुवातीला विरघळत नाही, तळाशी पांढरं राहतं. पीएच चढला की ते आपोआप विरघळतं, म्हणून गाळून टाकू नका.

हे मीठ घरातलं आयोडिनयुक्त नको, शुद्ध रासायनिक प्रतीचं हवं. आणि सीडीटीए वगळायचं नाही. सगळ्यात महाग घटक तोच असल्यामुळे ‘टिसॅब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांमध्ये तो नसतो, किंवा त्याच्या जागी सायट्रेट असतं. कच्च्या बोअरच्या पाण्याला सायट्रेटवालं चालून जातं. तुरटीच्या संयंत्राच्या पाण्याला सीडीटीएच हवं. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका.

स्टँडर्डसाठी सोडियम फ्लोराइड ११० अंशाला दोन तास वाळवून त्यातलं ०.२२१० ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवा. हे झालं १०० मिलिग्रॅमचं साठा-द्रावण. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन एक लिटर केलं की १० मिलिग्रॅमचं. त्याचे ५, १० आणि २० मिलिलिटर घेऊन प्रत्येकी १०० मिलिलिटर केले की ०.५, १.० आणि २.० मिलिग्रॅमची तीन स्टँडर्ड मिळतात. सगळं प्लॅस्टिकच्या बाटल्यांत ठेवायचं, आणि मोजतानाही प्लॅस्टिकचेच बीकर. आम्लधर्मी फ्लोराइड काचेला खातं.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून आरओचं पाणी घेतलं जातं, आणि ते आरओ त्याच फ्लोराइडच्या बोअरवर चालतं. बोअरला ४ मिलिग्रॅम असेल आणि आरओने नव्वद टक्के काढलं तरी ०.४ शिल्लक राहतं. ०.५ चं स्टँडर्ड मग प्रत्यक्षात ०.९ च्या आसपास होतं, आलेख वाकडा होतो आणि सगळे नमुने कमी फ्लोराइडचे दिसतात. कोणतंही पाणी वापरण्याआधी टिसॅब मिसळून त्यात इलेक्ट्रोड बुडवून पाहावा.

मोजणी

बोअरचा नमुना घेताना हापसा काही मिनिटं चालवून साचलेलं पाणी काढून टाका. बाटली प्लॅस्टिकची, त्याच पाण्याने दोनदा विसळलेली. फ्लोराइडसाठी नमुन्यात काही घालावं लागत नाही आणि तो २८ दिवस टिकतो. त्यामुळे लांबच्या गावचे नमुने गोळा करून एकदम तपासता येतात.

५० मिलिलिटर नमुना आणि ५० मिलिलिटर टिसॅब. स्टँडर्डलाही तसंच, निम्मं निम्मं. दोन्हीकडे सारखंच पातळ झाल्यामुळे आलेखावरून थेट मूळ पाण्याचा आकडा मिळतो, पुन्हा दुपटीने गुणायचं नाही. सगळे बीकर आधी तासभर एकाच टेबलावर ठेवा म्हणजे तापमान सारखं होतं. एका अंशाच्या फरकाने साधारण दोन टक्के चूक येते. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये खोली ४० अंशांवर असेल तर स्लोप ५९ ऐवजी ६२ च्या जवळ अपेक्षित आहे. तो दोष नव्हे. पण सकाळी केलेलं कॅलिब्रेशन (स्टँडर्ड मोजून काढलेला आलेख) दुपारी चालणार नाही. मॅग्नेटिक स्टररची प्लेट स्वतःही तापते, म्हणून बीकरखाली थर्माकोलचा तुकडा ठेवावा. सगळ्यांना ढवळण्याचा वेग एकच, आणि इतकाच की भोवरा पडू नये.

इलेक्ट्रोड किंचित तिरका, साधारण २० अंशाने कललेला बुडवा. उभा बुडवला तर स्फटिकाखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा भरकटत राहतो. अस्थिर आकड्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे. भरण्याचं छिद्र मोजताना उघडं असलं पाहिजे आणि आतल्या द्रावणाची पातळी बीकरमधल्या पाण्यापेक्षा बोटभर वर. छिद्र बंद राहिलं की संदर्भ द्रावण बाहेर झिरपत नाही.

क्रम नेहमी कमीकडून जास्तीकडे. प्रत्येक वेळी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टिश्यूने टिपून घ्या, पुसू नका. १ मिलिग्रॅमच्या वर दोन-तीन मिनिटांत आकडा स्थिरावतो, त्याच्या खाली पाच मिनिटं द्या. घाई केली तर कमी फ्लोराइडचा नमुना जास्त दिसतो, कारण इलेक्ट्रोड अजून मागच्या नमुन्यातून उतरत असतो. दर दहा नमुन्यांनी १.० चं स्टँडर्ड परत वाचा. दोन मिलिव्होल्टपेक्षा जास्त सरकलं असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि मधले नमुनेही पुन्हा मोजा.

रोज सकाळी १ आणि १० मिलिग्रॅमचे आकडे घेऊन स्लोप काढायचा. २० ते २५ अंशाला तो ५४ ते ६० मध्ये हवा. त्याहून कमी आला तर आधी भरण-द्रावण बदलून बघा, मग स्टँडर्ड नवी करा, आणि तरीही फरक पडला नाही तर स्फटिक घासा. घासायला फ्लोराइड असलेली साधी दात घासायची पेस्ट वापरतात, आणि उत्पादकांच्या सूचनांमध्येही हाच उपाय आढळतो. चिमूटभर पेस्ट ओल्या मऊ कापडावर घेऊन अर्धा-एक मिनिट गोल फिरवायची, भरपूर धुवायचं आणि मग स्टँडर्डमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवायचं. नखाने किंवा खरखरीत कागदाने मात्र कधीही नाही. स्फटिकावर चरा पडला की त्यात मागचा नमुना अडकून बसतो, आणि पडून तडा गेला तर इलेक्ट्रोड गेला.

अनोळखी किंवा गढूळ, खारट नमुन्याला भर-पद्धत वापरावी. नमुना आणि टिसॅब मिळून १०० मिलिलिटर झालेत, आकडा टिपला. त्यात १०० मिलिग्रॅमच्या साठ्यातलं बरोबर १ मिलिलिटर टाकलं, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम फ्लोराइड. आकडा २४.९ मिलिव्होल्टने उतरला आणि स्लोप ५९ असेल, तर एकाग्रता २.६४ पट झाली. २.६४ ला १०१ ने गुणून त्यातून १०० वजा केले की १६६.६ उरतात. १०० ला त्याने भागलं की ०.६०, आणि नमुना निम्म्याने पातळ होता म्हणून मूळ पाण्यात १.२ मिलिग्रॅम. आलेखावरचा आकडा आणि हा आकडा दहा टक्क्यांत जुळले तर निर्धास्त सही करावी. जुळले नाहीत तर नमुन्यात अडथळा आहे.

चहा आणि मीठ

या इलेक्ट्रोडवर अन्नाचीही थोडी तपासणी होते, आणि आपल्याकडे तिचा सगळ्यात उपयोग चहाला आहे. चहाचं झाड मातीतून फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओढून पानांत साठवतं. जुन्या, मोठ्या पानांत ते जास्त असतं. फ्लोराइडच्या गावात दिवसाला चार-पाच कप चहा पिणाऱ्याच्या पोटात पाण्याचं अधिक चहापत्तीचं असं दुहेरी फ्लोराइड जातं, आणि पाण्याच्या अहवालात दुसरा वाटा येत नाही.

तपासायचा चहा दूध-साखरेविना उकळा, गाळा आणि पूर्ण गार करा. दुधातली प्रथिनं आणि चरबी स्फटिकावर थर धरतात. २५ मिलिलिटर चहा, २५ मिलिलिटर सीडीटीएवालं टिसॅब, आणि अर्धा तास थांबणं. चहातलं ॲल्युमिनियम फ्लोराइड पटकन सोडत नाही. लगेच वाचलं तर आकडा कमी येतो आणि नंतर चढत राहतो. उकळायला वापरलेल्या पाण्याचं फ्लोराइड वेगळं मोजून वजा करायचं, नाहीतर दोष पत्तीवर जातो.

मीठ विरघळवून मोजता येतं, पण स्टँडर्डमध्येही तेवढंच शुद्ध मीठ घालावं लागतं. धान्य आणि भाज्या थेट मोजता येत नाहीत. आधी भट्टीत राख करून अल्कलीबरोबर वितळवावं लागतं, ते प्रयोगशाळेचंच काम. धान्याच्या पिठात पाणी घालून इलेक्ट्रोड बुडवणाऱ्या प्रात्यक्षिकांवर विश्वास ठेवू नये.

याच मीटरवर दुसरे आयन?

विक्रेते हमखास सांगतात की इलेक्ट्रोड बदला, तोच मीटर नायट्रेट आणि शिसंही मोजेल. मीटर मोजेल, पण दुसरे इलेक्ट्रोड फ्लोराइडच्या तोडीचे नाहीत. नायट्रेटचा इलेक्ट्रोड प्लॅस्टिकच्या पडद्याचा असतो. तो काही महिन्यांत थकतो आणि क्लोराइडला फसतो. विहिरीच्या पाण्याला क्लोराइड जास्त असेल तर नायट्रेट आहे त्याहून जास्त दिसतं. ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेभोवती चाळणी म्हणून तो चालेल, क्लोराइड आधी मोजून.

शिशाचा इलेक्ट्रोड पिण्याच्या पाण्यासाठी घेऊच नका. त्याला खाली दिसतं ते लिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत, आणि मर्यादा आहे ०.०१. मर्यादेच्या वीसपट शिसं होईपर्यंत तो गप्प राहतो. आर्सेनिकसाठी असा इलेक्ट्रोडच नाही. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांचे नमुने नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणलेल्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. ती बाटली फ्लोराइडच्या बाटलीपासून वेगळी ठेवून चिठ्ठीवर ‘ॲसिड घातलेलं’ असं ठळक लिहायचं, कारण तोच नमुना चुकून फ्लोराइडला लावला तर टिसॅबलाही तो पीएच सावरता येईलच असं नाही.